सुधारणा आवश्यक : ‘वर्गात बोलत नाही’

“मॅडम, मार्कांचं काही म्हणणं नाही, पण तिला जरा स्टेज डेअरिंग आलं पाहिजे.”

पालकसभेत हे वाक्य दरवर्षी कानावर पडतं. कधी आई म्हणते, कधी वडील. सूर काळजीचाच असतो, आणि ती काळजी खोटी नाही. प्रवेशापासून नोकरीपर्यंत सगळीकडे मुलाखती आहेत. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे आपण सगळेच ऐकत वाढलो. पण जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती मुलगी तिथेच, आईच्या मागे अर्धी लपून उभी असते. तिच्या दप्तरात बहुधा अशी एखादी वही असते, जी घरी कुणी उघडून बघितलेली नसते. मला त्या वहीबद्दल बोलायचं असतं.

नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित शिकवते. हुशार मुलं दरवर्षी भेटतात. त्यातली धीट मुलं सगळ्यांच्या लक्षात राहतात. परिपाठाला बातम्या तीच वाचतात, पाहुणे आले की आभार तीच मानतात, वक्तृत्व स्पर्धेला शाळा त्यांनाच पाठवते. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या मुलांत. त्यांची बुद्धी वर्गाच्या दोन इयत्ता पुढे असते, पण हात वर करण्याआधी उत्तर मनात तीनदा तपासून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. तोवर फळ्यावर पुढचं गणित आलेलं असतं.

आपल्या प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. अशा मुलाच्या पहिल्या रकान्यात ‘उदाहरणे अचूक सोडवतो’ असं काहीतरी येतं, दुसऱ्यात ‘वाचन’. तिसऱ्यात हमखास ‘वर्गात बोलत नाही’, ‘सर्वांमध्ये मिसळावे’, ‘सभाधीटपणा वाढवावा’. शिक्षकाला गठ्ठाभर पुस्तकं एका बैठकीत भरायची असतात, त्यामुळे हे ओघात लिहिलं जातं. मूल मात्र ते वाचतं. पुढच्या वर्षी पुन्हा वाचतं. तीन-चार वर्षांत त्याची खात्री पटते की आपल्यात दुरुस्त करण्यासारखं काही असेल तर तो आपला स्वभावच.

या मुलांना बोलकं करण्यामागे आपण घरी आणि शाळेत जेवढी शक्ती घालवतो, तेवढी त्यांना तोडीस तोड सोबती मिळवून देण्यात घालवावी, असं माझं ठाम मत आहे. एकच सोबती पुरतो. तो समवयस्कच हवा असंही नाही.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही स्वभावांची मांडणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली केली. तेव्हापासून हे शब्द इतके वापरात आले की त्यांच्या कडा झिजल्या. अंतर्मुख मूल म्हणजे माणसं न आवडणारं मूल असं आपण धरून चालतो. खरं तर अशा मुलाला माणसं आवडतात, पण थोडी आणि सावकाश. गर्दीत तास-दोन तास काढले की ते दमतं आणि एकटं बसलं की ताजंतवानं होतं. बुजरेपणा ही वेगळी गोष्ट. बुजऱ्या मुलाला जवळ जायचं असतं आणि भीती वाटत असते. अंतर्मुख मुलाला भीती नसेलही, त्याला फक्त हातातलं पुस्तक संपवायचं असतं. काही मुलांत दोन्ही असतं. हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती रंगीत खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडत, पाठ ताणत रडायला लागायचं. ही बाळं मोठी होत असताना केगन आणि त्यांचे सहकारी त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिले. नव्या जागी, नव्या माणसांत बुजणारी मुलं या गटात जास्त निघाली. सगळी निघाली नाहीत, कारण घरचं वातावरणही आपलं काम करतंच. पण चार महिन्यांच्या बाळाला कुणी ‘मुद्दाम बोलत नाहीस’ म्हणू शकत नाही, एवढं तरी त्यातून आपण घ्यावं.

आपल्याकडे गप्प राहण्याला आणखी दोन पदर आहेत. पहिला भाषेचा. सुरगाणा-पेठकडून येणारं मूल घरी कोकणा बोलतं, बागलाणातलं अहिराणी. वर्गात पहिल्याच आठवड्यात त्याच्या एखाद्या शब्दावर हशा पिकतो, आणि पुढची दोन वर्षं ते तोंड उघडत नाही. त्याला अंतर्मुख म्हणणं म्हणजे आपल्या वर्गाची चूक त्याच्या स्वभावावर ढकलणं. दुसरा पदर मुलींचा. गप्प मुलगा दिसला की घरचे काळजीत पडतात, गप्प मुलगी दिसली की तिला ‘गुणी’ म्हणतात. ती कुणाला त्रास देत नाही, वह्या पूर्ण असतात, अक्षर सुंदर असतं. तिच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बुद्धी वाया जाते ती या गुणी मुलींची.

बी.एड.ला आम्ही एरिक एरिक्सन यांचे मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे पाठ केले होते. प्रश्नपत्रिकेत त्यांच्यावर टीप यायची. वर्गात उभं राहिल्यावर त्या टिपेतल्या दोन ओळी मला खऱ्या अर्थाने समजल्या. प्राथमिक शाळेच्या वयात मूल ‘मला काही करता येतं का’ या प्रश्नाशी झगडत असतं, आणि त्याला उत्तर मिळालं नाही तर न्यूनगंड घर करतो. आता प्रज्ञावान मुलाचा न्यूनगंडाशी काय संबंध, त्याला तर पैकीच्या पैकी मिळतात, असं कुणीही म्हणेल. पण करता येण्याची जाणीव कष्टातून येते. जे गणित बघताक्षणी सुटतं ते सोडवून मुलाच्या पदरात काही पडत नाही. पहिलीपासून सहावीपर्यंत एकदाही न अडखळलेलं मूल सातवीत पहिल्यांदा अडतं, तेव्हा त्याला वाटतं, संपलं, आपण हुशार नव्हतोच. बोलकं मूल निदान रडतं, भांडतं, ‘हे कळलं नाही’ म्हणतं. अबोल मूल ते पोटात ठेवतं आणि हळूच अवघड गणितांच्या वाटेला जाणंच सोडतं. म्हणून त्याला आठवड्यातून एकदा तरी अडवणारं काही देणं हा मला लाड वाटत नाही, तो त्याचा हक्क वाटतो.

पुढचा टप्पा किशोरवयाचा : ‘मी कोण?’ एरिक्सन यांना हा प्रश्न पुस्तकातून सुचलेला नव्हता. १९०२ साली जर्मनीत फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या या मुलाला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडील ज्यू, हा उंच आणि सोनेरी केसांचा. प्रार्थनास्थळातली मुलं त्याला परका म्हणून चिडवायची, शाळेतली ज्यू म्हणून. अमेरिकेत नागरिकत्व घेताना १९३९ साली त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. कुठल्याच गटात न बसणाऱ्या मुलाच्या अंगावर काय येतं हे या माणसाला आतून माहीत होतं. आमच्या आठवी-नववीच्या वर्गात अशी मुलं असतात. क्रिकेटच्या गप्पांत त्यांना गम्य नसतं, रील्स बघून ती हसत नाहीत. ‘मी कोण?’ या प्रश्नाला वर्गाकडून येणारं उत्तर एकाच शब्दाचं असतं : ‘घुम्या’.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक मिराका ग्रॉस यांनी असामान्य बुद्धीच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. या मुलांसमोर एक सक्तीची निवड येते, असं त्यांनी मांडलं. बुद्धी जपायची तर मैत्री जाते, मैत्री हवी तर बुद्धी लपवावी लागते. मुद्दाम दोन गणितं चुकवणारी मुलं मी बघितली आहेत. खोडरबराने बरोबर उत्तर पुसून शेजारच्या वहीतलं चुकीचं उत्तर लिहिणारी मुलगी मी समोर उभं राहून बघितली आहे. तिला शेजारणीशी मैत्री हवी होती आणि त्यासाठी ती ही किंमत मोजत होती.

प्रज्ञावान मुलाचं वय सगळीकडून सारखं वाढत नाही. चौथीतल्या एका मुलाने कुठेतरी वाचलं की सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्याचा शेवट होणार. वाचलं आणि समजलंही, अगदी हायड्रोजन संपण्यापर्यंत. मग चार रात्री तो झोपला नाही. आई सांगत होती, मध्यरात्री उठून विचारतो, तोपर्यंत माणसं दुसरीकडे गेलेली असतील ना? बुद्धी चौदा वर्षांची आणि अंथरुणात रडणारा जीव नऊ वर्षांचा. ‘एवढा हुशार आणि रडतोस काय’ हे वाक्य अशा वेळी घरात सहज बोललं जातं. माझी कळकळीची विनंती आहे, ते बोलू नका. त्या आईने काय केलं, तर शेजारच्या निवृत्त विज्ञान शिक्षकांकडे त्याला नेऊन बसवलं. सरांनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी ताऱ्यांच्या आयुष्याची एक आकृती काढून दिली आणि दोघं तासभर तिच्यावर बोलत बसले. नंतर तो शांत झोपला.

तासभर बोलत बसला, हे महत्त्वाचं. हाच मुलगा वर्गात ‘तोंडाला कुलूप’ म्हणून ओळखला जायचा.

न्यूयॉर्कमध्ये शंभर वर्षांपूर्वी लेटा हॉलिंगवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ अशाच मुलांमध्ये काम करत होत्या. १८० पेक्षा जास्त बुद्ध्यांकाच्या १२ मुलांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ साली निघालं. बुद्ध्यांकाची मोजमापं जुनी झाली, पण त्यांचं एक निरीक्षण आजही लागू पडतं. ही मुलं एकटी खेळतात, कारण त्यांच्या खेळाचे नियम आणि शब्द बरोबरच्या मुलांना उमगत नाहीत. त्यांच्याच बौद्धिक वयाचं कुणी भेटलं की त्यातली बरीच मुलं खेळायला लागतात, बोलायला लागतात. म्हणजे आपण ज्याला मुलाचा एकलकोंडेपणा म्हणतो, त्यातला मोठा भाग सोबत न मिळाल्याचा असतो.

रामानुजन यांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते, पण जरा निराळी. एकटाच पाटीवर आकडेमोड करणारा, कुणाच्याही मदतीविना वर आलेला मुलगा, अशी ती आपण सांगतो आणि तिथे फार मोठा अन्याय करतो. कुंभकोणमच्या कॉलेजात बाकीच्या विषयांत नापास झाल्यावर त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे ते वह्या काखोटीला मारून माणसांकडे जात राहिले. भारतीय गणित परिषदेचे संस्थापक रामस्वामी अय्यर यांच्याकडे, मग नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे. रावांनी काही काळ महिना २५ रुपये दिले. १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी मिळाली, आणि तिथे त्यांना नारायण अय्यर भेटले. हे तिथले मुख्य हिशेबनीस, स्वतः गणिताचे जाणकार. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसायचे. रामानुजन एका ओळीवरून एकदम दहाव्या ओळीवर उडी मारायचे आणि अय्यर त्यांना थांबवून मधल्या पायऱ्या लिहायला लावायचे. मला या संध्याकाळी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांच्याशी पुढे झालेल्या पत्रव्यवहाराइतक्याच मोलाच्या वाटतात. अय्यरांनी रामानुजनना सभेत बोलायला शिकवलं नाही. त्यांनी एवढंच केलं की आपल्या डोक्यातलं दुसऱ्याला समजेल असं कसं मांडायचं, याचा सराव रोज एका माणसासमोर होऊ दिला. जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना गेलेलं पत्र हा त्या वर्षभराच्या सरावाचा पुढचा टप्पा होता, असं मी मानते. प्रत्येक शाळेला असा एक नारायण अय्यर लागतो. त्याला मुलापेक्षा जास्त हुशार असण्याची गरज नाही. फक्त ‘मधल्या पायऱ्या दाखव’ असं म्हणत संध्याकाळभर बसायची तयारी हवी.

आता त्या वहीबद्दल.

सातवीच्या एका वर्गाला मी कापरेकर स्थिरांक दाखवला होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर इथे जवळच, देवळालीत, १९३० ते १९६२ शाळेत शिकवायचे, म्हणून आमच्या मुलांना ते घरचे वाटतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर तेच केलं की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. वर्गात कल्ला झाला, ज्याचं आधी सुटलं त्याने ओरडून सांगितलं. खिडकीजवळची एक मुलगी काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या गृहपाठाच्या वहीत चार घड्या घातलेला कागद होता. ‘मॅडम, दोन अंकांचं करून बघितलं. २१ घेतले. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. थांबतच नाही, गोल फिरतं. दुसरे आकडे घेतले तरी यातच येतात. ५५ घेतलं तर लगेच शून्य. सगळे नऊच्या पाढ्यातलेच का येतात?’

नववीपर्यंतच्या कुठल्याही चाचणीत हा प्रश्न येणार नाही, आणि आला तरी तो कुणाला सुचला याची नोंद कुठे होणार नाही. मी उत्तर दिलं नाही. त्याच कागदाखाली लिहिलं, ‘तीन अंकी?’ आणि घडी घालून वही परत केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : ४९५, आणि त्याखाली पंधरावीस संख्यांचा पडताळा, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, समासासकट. मग कागद संपले आणि एक वेगळी दोनशे पानी वही सुरू झाली.

नववीत एक मुलगा होता, तिच्याइतकाच अबोल. बीजगणितात तो इतर मुलांच्या बराच पुढे गेला होता आणि कंटाळून खिडकीबाहेर बघत बसायचा. दोघांच्या घरी विचारून ती वही मी त्याच्याकडे दिली. त्याने नऊच्या पाढ्याचं कारण लिहिलं : दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल, तर दहा अ अधिक ब, त्यातून दहा ब अधिक अ वजा केले की उरतात नऊ गुणिले अ वजा ब. म्हणून कायम नऊची पट. खाली लाल पेनने ‘सिद्ध झाले’. वही तिच्याकडे परत गेली. तिने अक्षरं-अंक पहिल्यांदाच असे एकत्र बघितले होते, पण दोन दिवसांत ते पचवलं आणि त्याच्या ‘सिद्ध झाले’च्या शेजारी लिहिलं, ‘अ आणि ब सारखे असले तर? मग नऊची पट शून्य. ते गोल फिरत नाही. हे वेगळं लिहायला पाहिजे.’ नववीतल्या मुलाचा गाळलेला भाग सातवीतल्या मुलीने पकडला होता. त्याने ते मान्य केलं आणि पाच अंकी संख्या घ्यायचं ठरवलं. पाच अंकांत एकच मुक्काम नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. त्यातलं एक फक्त दोन संख्यांचं : ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे येत-जात राहतात. ते सापडलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघं वाचनालयाच्या पायरीवर बसून हुज्जत घालत होते, चक्र आधी कुणाला दिसलं यावर. तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत येत होता.

तिने वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला नाही, पुढेही कधी घेतला नाही. मला त्यात काही कमी वाटत नाही.

अशा मुलांनी बोलायला शिकूच नये, असं मी म्हणत नाही. शिकावं. पण काय बोलायला, हे आपण नीट ठरवावं. पाठ केलेलं भाषण हातवारे करून म्हणणं ही एक कला आहे, आयुष्याची गरज नाही. ‘मला हे पटलं नाही’ म्हणता येणं, ‘पुन्हा सांगाल का’ विचारता येणं, आपलं काम एका अनोळखी माणसाला पाच मिनिटांत समजावता येणं ही गरज आहे. आणि ती एकापासून सुरू होते, मग दोन, मग चार, हातात लिहिलेला कागद धरून. एकदम दोनशे मुलांसमोर माईक हातात देऊन नव्हे.

वर्गातही फार काही करावं लागत नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाचे वर्ग ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. हे थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांब होतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही उत्तर द्यायला लागतात. तीन सेकंद वर्गात उभं राहून मोजून बघा, फार लांब वाटतात. मी प्रश्न विचारून फळ्याकडे वळते आणि खडूने तारीख नीट करते. शिवाय तोंडी उत्तराइतकंच लेखी उत्तराला मोल द्यावं. टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा असतो, ज्याला हात वर करायचा नाही त्याने चिठ्ठी टाकावी. गटकार्यात सहा जणांचा गट केला की अबोल मूल बुडून जातं, दोघांची जोडी केली की तरतं.

घरी मात्र सवयी बदलाव्या लागतात, ते अवघड. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला काही विचारू नका, सहा तास चाळीस-पन्नास जणांत काढून आलेलं असतं ते. पाहुण्यांसमोर पाढे, कविता, इंग्रजी म्हणून दाखवायला लावू नका. ‘हा फार लाजतो’ हे त्याच्यादेखत तर अजिबात सांगू नका. मामेभावाचं नाव काढून तुलना करू नका. आणि घर लहान असेल, बहुतेकांचं असतं, तर एक कोपरा, एक खुर्ची, माळ्याखालची जागा, काहीही, पण ‘ही त्याची’ अशी ठरवून द्या.

एक गोष्ट मात्र पालकांनी आणि शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवी. स्वभावाचं गप्प असणं आणि दुखण्याचं गप्प असणं सारखं दिसू शकतं. आधी बोलणारं मूल अचानक मिटलं, झोप किंवा भूक बदलली, आवडती वही, आवडता खेळ सुटला, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं, किंवा घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने एक शब्दही उच्चारत नसेल, तर ‘अंतर्मुख आहे’ म्हणून बसून राहू नये. आधी कान तपासावेत, मग समुपदेशक किंवा बालमानसतज्ज्ञ गाठावा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. हुशार मुलांचं दुखणं उशिरा कळतं, कारण मार्क बराच काळ पडत नाहीत.

अशा मुलांना एकमेकांशी गाठ घालून देण्याचं काम आपल्याकडे काही ठिकाणी झालं आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, पुढे तिथे प्रज्ञावान मुलांसाठी प्रशालाही उभी राहिली. नवोदय विद्यालयांमुळे १९८६ पासून खेड्यातल्या मुलाला सहावीत त्याच्या तोडीची मुलं भेटायला लागली. पण नवोदयला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना मी सुचवते की तिथल्या सरांशी मुलाच्या स्वभावाबद्दल आधीच बोला. निवासी शाळेत पहाटेपासून दिवे बंद होईपर्यंत मूल माणसांत असतं, तिथे सोबत मिळते आणि एकांत जातो. अंतर्मुख मुलाला दोन्ही लागतं. दुपारचा एक तास वाचनालयात एकट्याने बसायची परवानगी मिळाली तरी त्याचं वर्ष बदलू शकतं. स्पर्धा परीक्षांचंही तसंच. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मुलाखत असते. लेखीत वर आलेलं अबोल मूल मुलाखतीला घाबरतं, तेव्हा त्याला उत्तरं घोकायला लावण्याऐवजी त्याच्या प्रकल्पाबद्दल तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांशी गप्पा मारायला न्यावं. तयारी तीच होते.

पण ही सगळी निवडक मुलांची सोय झाली. माझ्या डोळ्यांसमोर असतो तो गावोगाव एकेकटा विखुरलेला मुलगा, एकेकटी विखुरलेली मुलगी. एका शाळेत असं एखादंच मूल असतं, आणि म्हणूनच ते एकटं असतं. पाच किलोमीटरवरच्या शाळेतही तसंच एक असतं, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष आवड आणि प्रतिभा असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळा संकुल आणि जिल्हा पातळीवर गणित मंडळं, विज्ञान मंडळं असावीत असं लिहिलेलं आहे. मंडळ म्हटलं की उद्घाटन, फ्लेक्स आणि अहवाल येतो. मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्याहून लहान मागणी मांडली आहे : महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक शाळेने अशा एका मुलाची वही आणावी आणि दुसऱ्या शाळेच्या वहीशी तिची अदलाबदल करावी. पैसे लागत नाहीत, वेगळी रजा लागत नाही, मुलाला कुठे उभं राहावं लागत नाही. वही शिक्षकांच्या हातून जाते आणि त्यांच्याच हातून परत येते, त्यामुळे पालकांनाही धास्ती नाही.

ज्यांना आपल्या केंद्रात हे करून बघायचं आहे, त्यांनी दोनच वह्यांपासून सुरुवात करावी. पहिल्या पानावर शिक्षकाने काही लिहू नये, सूचना तर नकोतच. मुलाला त्याला पडलेला एक प्रश्न लिहू द्यावा, गणिताचा, पक्ष्यांचा, गावाच्या नावाचा, कशाचाही. वह्या तपासू नयेत, गुण देऊ नयेत, अशुद्ध शब्दांखाली लाल रेघ ओढू नये. महिनाभर उत्तर आलं नाही तर दुसरी जोडी शोधावी.